इथली डावी बाजू बाटल्यांत असते: यूकेत नवीन आलेल्यांसाठी साध्या घरगुती खाण्याची ओळख

दरवर्षी सप्टेंबर जवळ आला की तेच प्रश्न येतात. कुकर तीन लिटरचा आणू की पाच, पोहे किती किलो बांधू, गोडा मसाला बॅगेत फुटणार नाही ना, आणि शेवटी हळूच, "तिकडे खायचे फार हाल होतात म्हणे?" तर कुकर आणा, मेतकूट तर आणाच, तूप आणि पेढे मात्र नका आणू कारण भारतातून दुधाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे, आणि तूप इथे कुठल्याही इंडियन दुकानात मिळतं. पण सगळी बॅग पोह्यांनीच भरून दोन वर्षं पोह्यांवरच काढायची आणि परत जाताना "ब्रिटिश जेवण म्हणजे अगदी सपक" असं सांगत सुटायचं, हे नका करू. मी स्वतः पहिलं दीड वर्ष हेच केलं. आता लीड्समध्ये नऊ वर्षं झाली, मूळची सांगलीची, त्यामुळे तिखटाच्या बाबतीत माझ्यावर कुणी शंका घेऊ नये.

मला उशिरा कळलेली गोष्ट अशी की आपण यांच्या साध्या खाण्याची तुलना आपल्या पंगतीशी करतो. तुलना करायचीच तर गुरगुट्या भाताशी करा. ताप आल्यावर, पावसात भिजून आल्यावर आपण मऊ भात, मेतकूट, तूप खातो तेव्हा यात लाल तिखट नाही म्हणून कुणी भांडत नाही. बीन्स ऑन टोस्ट, जॅकेट पोटॅटो म्हणजे सालीसकट भाजलेला बटाटा, मॅश म्हणजे उकडून कुस्करलेला, हे सगळं त्या जातीचं आहे. ऊन ऊन, मऊ, चार वाजता अंधार पडणाऱ्या डिसेंबरात पोटाला धरून राहणारं.

आणि दुसरं, जे त्याहून महत्त्वाचं. आपल्या ताटात डावी बाजू असते ना, मीठ, लिंबू, चटणी, लोणचं? भाजी मवाळ असली तर माणूस डावीकडून घेतो आणि चव आपली आपण जमवतो. इथली डावी बाजू बाटल्यांत असते. मीठ, मिरपूड, माल्ट व्हिनेगर, मस्टर्ड, ब्राउन सॉस, पिकल हे सगळं टेबलावर ठेवलेलं असतं ते शोभेला नाही, करणाऱ्याने पन्नास टक्के चव मुद्दाम तुमच्यावर सोडलेली असते. आपण नवीन माणसं बाटल्यांना हात न लावता समोर आलेलं तसंच खातो आणि अळणी म्हणून मोकळे होतो. म्हणजे लिंबू न पिळता, चटणी न घेता साधं वरण-भात खाऊन नावं ठेवण्यासारखंच झालं.

आधी ही डावी बाजू घरात आणा

पहिल्या आठवड्यातच सुपरमार्केटमधून चार वस्तू आणून ठेवा. माल्ट व्हिनेगर, इंग्लिश मस्टर्ड, ब्राउन सॉस, आणि ब्रँस्टन पिकल. इंग्लिश मस्टर्ड जपून घ्या, ती अमेरिकन पिवळी गोडसर नाही, आपण लोणच्याला मोहरी फेसतो तशी थेट नाकात जाते, चिमूटभर पुरे. ब्राउन सॉस म्हणजे चिंच, खजूर, व्हिनेगर असलेला आंबटगोड प्रकार, आपल्या चिंच-खजुराच्या चटणीचा सूटबूट घातलेला चुलतभाऊ समजा. सगळ्यात प्रसिद्ध एचपी, त्यातलं एचपी म्हणजे हाउसेस ऑफ पार्लमेंट, बाटलीवर पार्लमेंटचं चित्रही आहे, आणि गंमत म्हणजे २००७ पासून तो बनतो नेदरलँड्समध्ये. पिकल या शब्दाला फसू नका, ते लोणचं नाही, भाज्यांचे तुकडे घातलेला आंबटगोड काळपट प्रकार आहे, चीज सँडविचमध्ये मस्त लागतो. आणि चटणी म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा आपल्या साखरांब्याच्या जवळचं असतं.

वूस्टर सॉसही सगळीकडे दिसेल, त्याच्या नावाचं स्पेलिंग केवढंही लांबलचक असलं तरी म्हणायचं वूस्टरच. पण शाकाहारी असाल तर थांबा, मूळ सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात.

शाकाहाराचं इथेच उरकून घेऊ, कारण माझी आई सहा महिने राहून गेली, अंडंही न खाणारी, आणि तिच्यामुळे मी लेबलं वाचायला शिकले. पाकिटावर शाकाहारींसाठी चालेल असं लिहिलेलं असतं किंवा हिरवा व्ही असतो, पण इथल्या शाकाहारात अंडं धरतात, अंडं नको असेल तर व्हीगन शोधा. जेलटीन म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातलं, ते जेली आणि चघळायच्या गोळ्यांमध्ये असतं. स्यूएट, लार्ड, ड्रिपिंग या तिन्ही चरब्या, पहिली आणि तिसरी बहुतेक बीफची, मधली डुकराची. चीज करताना दूध फाडायला रेनेट घालतात, ते मुळात वासराच्या पोटातलं; चेडर चीज पुष्कळदा शाकाहारी रेनेटचं असतं पण पार्मेझान कधीच नाही. अंडं, दूध, मासे, नट्स अशी चौदा ॲलर्जीची नावं यादीत ठळक छापणं कायद्याने बंधनकारक आहे त्यामुळे अंडं पटकन सापडतं, जेलटीन मात्र ठळक नसतं, तिथे पूर्ण यादी वाचावीच लागते. कंटाळा येईल, पण गांधीजी १८८८ मध्ये लंडनला आले तेव्हा शाकाहारी खाणावळ शोधत मैलोन्‌मैल पायपीट करून ब्रेडवर पोट भरत होते आणि फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक सापडली तेव्हा कुठे पोटभर जेवले. आपल्याला फक्त पाकीट उलटं करायचंय.

दुधाच्या झाकणांचे रंगही लक्षात ठेवा, निळं म्हणजे सायीचं, हिरवं म्हणजे निम्मी साय काढलेलं, लाल म्हणजे पाणीच. खाली जे काही सांगतेय त्याला निळं घ्या. यूज बाय तारीख उलटली तर फेकायचं, बेस्ट बिफोर उलटली तर वास घेऊन, चाखून ठरवायचं. संध्याकाळी उशिरा पिवळे स्टिकर लावून वस्तू स्वस्त करतात, ब्रेड तेव्हाच घ्या आणि स्लाइस सरळ फ्रीझरमध्ये टाका.

पहिली पायरी: टोस्ट, आणि त्यावर बीन्स

हे कुणालाही जमतं म्हणून लोक नीट करत नाहीत. टोमॅटो सॉसमधल्या बेक्ड बीन्सचा डबा साधारण ४१५ ग्रॅमचा, दोघांना पुरतो. आत असतात हॅरिकॉट, म्हणजे छोटा पांढरा राजमाच. आज गरिबाचं आणि स्टुडंटचं खाणं म्हणतात पण १८८६ मध्ये हाइन्झचे बीन्स इथे पहिल्यांदा विकले गेले ते लंडनच्या फोर्टनम अँड मेसनमध्ये, जिथे बड्या घरची माणसं खरेदी करायची, अमेरिकेहून आलेली महागाची चीज म्हणून! नंतर इथेच कारखाने झाले आणि डबा घरोघरी पोचला.

डबा छोट्या पातेल्यात ओता, मंद ते मध्यम आंच, चार-पाच मिनिटं, ढवळत राहा, खदखदू देऊ नका नाहीतर दाणे फुटून लगदा होतो. तोवर जाड स्लाइसचा ब्रेड चांगला तांबूस भाजा, पांढरट टोस्ट बीन्सखाली दोन मिनिटांत लोळागोळा होतो. लोणी अगदी कडेपर्यंत लावा. हे कडेपर्यंतचं मी गंमत म्हणून नाही सांगत, बीन्स गोडसर असतात आणि खारट लोण्यावर ती सगळी चव उभी आहे. मग वर बीन्स, किसलेलं चेडर, भरपूर मिरपूड, ब्राउन सॉसचे दोन थेंब. लगेच खायचं. ताटात वाट बघायला लावायचा पदार्थ नाही हा.

आता तुम्ही विचारणार, फोडणी देऊ का? द्या की, तेलात जिरं, कांदा, हिरवी मिरची परतून त्यात डबा ओतला तर छानच लागतं, आम्ही करतो. पण पहिल्यांदा तरी साधं खा, म्हणजे कशाला फोडणी देताय ते कळेल. आणि फोडणी देण्याआधी छताकडे बघा. इथे घराघरात स्मोक अलार्म असतो आणि त्याला मोहरी तडतडलेली अजिबात चालत नाही. मी पहिल्या वर्षी स्टुडंट हॉलमध्ये रात्री अकराला लसणीची फोडणी दिली आणि सहा मजल्यांची सगळी पोरं जानेवारीच्या थंडीत चपला-पायजम्यात खाली उभी होती, फायर ब्रिगेड येऊन आत जा म्हणेपर्यंत. कुणी काही बोललं नाही, हेच जास्त लागलं. अलार्मला प्लास्टिकची पिशवी बांधायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका, त्यात खरोखरचा धोका आहे आणि घरमालकही काढून टाकेल. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, किचनचं दार बंद करा, आणि तेल धुरावेपर्यंत तापवू नका.

टोस्टवरच अजून एक, मार्माइट. बर्टन अपॉन ट्रेंटला १९०२ पासून बनतं, बिअरच्या उरलेल्या यीस्टपासून, काळं, चिकट, भयंकर खारट. जॅमसारखं फासलंत तर आयुष्यभर नाव घेणार नाही. आधी लोणी, मग सुरीच्या टोकावर येईल एवढंच, जवळजवळ नाहीच असं पसरायचं. शाकाहारी आहे, आणि आमटी-रश्श्यात अर्धा चमचा घातलं तर कुणाला कळत नाही पण चव खोल होते.

क्रम्पेट दिसले तर पटकन घ्या. बाजूने इडलीएवढे जाड आणि वर अगदी आंबोळीसारखी जाळी पडलेली, यीस्टने आंबवलेलं पीठ असतं ना. टोस्टरमध्ये दोनदा भाजायचे, कडा कुरकुरीत झाल्या पाहिजेत, मग लोणी, ते भोकाभोकांतून खाली झिरपतं. हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

दुसरी पायरी: ओव्हनची भीती घालवा, जॅकेट पोटॅटो करा

भाड्याच्या घरात ओव्हन असतोच आणि आपली मंडळी त्यात कढया ठेवतात. आधी त्या काढा (हो, मी एकदा न काढता चालू केला होता, हँडल वितळलं). रेसिपीत गॅस मार्क ६ लिहिलं असेल तर ते २०० डिग्री सेल्सिअस, आणि तुमचा ओव्हन पंख्याचा असेल तर वीस डिग्री कमी ठेवायचं.

बटाटा मोठा हवा, अडीचशे-तीनशे ग्रॅमचा एक, पाकिटावर बेकिंग लिहिलेला. धुवा, कोरडा पुसा, काट्याने सात-आठ ठिकाणी टोचा नाहीतर आत वाफ कोंडून फुटू शकतो, मग तेल आणि मीठ चोळून सरळ जाळीवर. २०० डिग्रीला एक तास ते सव्वा तास. साल कागदासारखी कडक आणि आत भुसभुशीत. घाई असेल तर मायक्रोवेव्हमध्ये आठ-दहा मिनिटं आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं ओव्हन, चालतं, पण नुसत्या मायक्रोवेव्हचा केला तर साल ओल्या मोज्यासारखी लागते.

बाहेर काढला की वर फुली मारा आणि खालून दोन्ही हातांनी दाबा (फडकं घ्या), फूल उमलल्यासारखा उघडतो. लोणी आणि मीठ आत आधी. मग चीज आणि बीन्स, चीज खाली की वर यावरून ऑफिसमध्ये लोक हिरीरीने भांडतात. माझं मत, चीज खाली, म्हणजे बीन्सच्या उष्णतेने वितळतं. टूना-मेयो, कोलस्लॉ, कालची उरलेली उसळ, काहीही चालतं. शाकाहारी माणूस कुठल्याही छोट्या गावातल्या कॅफेत अडकला तर डोळे मिटून हे मागवायचं, आईने सहा महिने प्रत्येक सहलीत हेच खाल्लं आणि शेवटी म्हणाली, हुरड्याच्या वेळी आरात रताळी भाजायचो त्याची आठवण येते. ५ नोव्हेंबरला बॉनफायर नाइट असते, १६०५ च्या पार्लमेंट उडवायच्या फसलेल्या कटाची आठवण, तेव्हा शेकोटीजवळ हाच बटाटा खातात, आणि यॉर्कशरमध्ये त्याच्या जोडीला पार्किन, म्हणजे ओट्स आणि काकवीसारख्या ट्रीकलचा आलं घातलेला केक. पुष्कळ वर्षी आपल्या दिवाळीच्या आसपासच येते, त्यामुळे फटाक्यांचा आवाज आला की पहिल्या वर्षी भाबडेपणाने वाटतं, अरे वा, आपल्यासाठी!

तिसरी पायरी: मॅश, ग्रेव्ही, आणि पाय म्हणजे नक्की काय

ग्रेव्ही या शब्दाने सगळ्यांचा गोंधळ होतो. आपल्या डोक्यात पनीरची, काजू-टोमॅटोची. इथली ग्रेव्ही म्हणजे तपकिरी, पातळसर, खमंग सॉस, मुळात मांस भाजताना सुटलेल्या रसाचा. आता घरोघरी डब्यातले दाणे असतात, मगमध्ये चार भरगच्च चमचे, पाव लिटरपेक्षा जरा जास्त उकळतं पाणी, ढवळलं की तयार. नावात बीफ किंवा चिकन असतं तरी काही दाणे शाकाहारी असतात आणि काही नसतात, परत तेच, पाकीट उलटं करा. वेळ असेल तर दोन कांदे उभे पातळ चिरून लोण्यात पंचवीस मिनिटं मंद आंचेवर सोनेरी होईपर्यंत परता आणि त्यात ही ग्रेव्ही ओता. बस, पाहुण्यांना वाढण्यासारखी झाली.

मॅशला मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड बटाटे, पिठूळ जातीचे. सोलून सारखे तुकडे करून थंड पाण्यात मीठ घालून उकळायला ठेवा, पंधरा-वीस मिनिटं, सुरी सहज गेली की पाणी पूर्ण निथळून त्याच गरम पातेल्यात दोन मिनिटं झाकण न लावता वाफ जाऊ द्या. किलोभर बटाट्याला पन्नास-पाऊणशे ग्रॅम लोणी आणि अर्धा कप गरम दूध. गरमच, गार नाही. हाताच्या मॅशरने करा. मिक्सरला लावलंत तर कागद चिकटवायची खळ होते, मी लावलंय, त्याने पाकिटं चिकटली असती.

मॅशवर सॉसेज आणि ग्रेव्ही म्हणजे बँगर्स अँड मॅश, पहिल्या महायुद्धात सॉसेजमध्ये पाणी इतकं असायचं की तव्यात फुटायची म्हणून बँगर असं सांगतात. साधी सॉसेज डुकराची असतात, शाकाहारी पण भरपूर प्रकार मिळतात.

पण या पायरीवरचा खरा राजा म्हणजे शेफर्ड्स पाय. पाय म्हटलं तरी यात कणकेची पारी नसते, खाली खिमा आणि वर मॅशचा थर, ओव्हनमध्ये भाजलेला. मेंढपाळाचा म्हणून शेफर्ड्समध्ये लॅम्बचा खिमा, आणि तसाच दिसणारा कॉटेज पाय असतो त्यात बीफ. बीफ खात नसाल तर हा फरक पाठ करा. कँटीनमध्ये नुसतं मिन्स, म्हणजे खिमा, लिहिलं असेल तर ते बहुतेक बीफच असतं, विचारा, कुणी वाईट मानत नाही.

मला हा फरक शेजारच्या आजींनी शिकवला. घरी राहायला येऊन महिना झाला होता, कुंपणावरून म्हणाल्या रविवारी पाचला "टी"ला या. आम्ही काय समजलो, चहा. तीन वाजता मिसळ चेपली, शंकरपाळ्यांचा डबा घेतला आणि गेलो तर टेबलावर काटे-चमचे, वाटाणे, गाजरं आणि परातीएवढा पाय. इंग्लंडच्या उत्तरेत टी म्हणजे रात्रीचं जेवण! आणि डिनर म्हणजे पुष्कळांचं दुपारचं. आजी म्हणाल्या, "लॅम्ब आहे हं लव्ह, मुद्दाम", कारण आम्ही बीफ खात नाही हे त्यांनी आधीच आमच्या घरमालकाला विचारून ठेवलं होतं. नवऱ्याने आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि दोनदा वाढून घेतलं, काय करणार. तर कुणी टीला बोलावलं तर वेळ बघा, चारच्या आत असेल तर चहा-केक, पाच-सहा असेल तर पोट रिकामं ठेवून जा.

शाकाहारी करायचा असेल तर आपल्याकडचा अख्खा मसूर चपखल बसतो, आमच्या सांगली-इस्लामपूरकडची माणसं तर डोळे झाकून करतील. पाव किलो मसूर तासभर भिजवून बोटचेपा शिजवा, मोडू देऊ नका. कांदा, गाजर, सेलरी बारीक चिरून तेलात दहा मिनिटं परता, दोन चमचे टोमॅटो प्युरे, थोडं थाइम, एक चमचा मार्माइट, मग मसूर आणि थोडं पाणी, रसरशीत पण वाहता नको. काचेच्या भांड्यात ओतून गार होऊ द्या, गरमवर मॅश टाकलं तर ते बुडतं. वर मॅश पसरून काट्याने शेतात नांगर फिरवल्यासारख्या रेघा ओढा, त्या उंचवट्यांना रंग येतो आणि तोच भाग आधी संपतो. २०० डिग्रीला पंचवीस-तीस मिनिटं. आई, जी इथल्या सगळ्याला "यात काही नाहीये" म्हणायची, ती याच्या कडेची खरवड काढून खायची.

चिप्पीत जाणं

फिश अँड चिप्सचं दुकान म्हणजे चिप्पी. पाटीवरच्या यादीने घाबरू नका, मागे रांग असते आणि बाई भराभर विचारते म्हणून आधीच तयारी करून जा. चिप्स म्हणजे जाड बटाट्याच्या फोडी, पाकिटातले आपले वेफर्स ते क्रिस्प्स. मासा दक्षिणेत जास्त कॉड आणि यॉर्कशरमध्ये हॅडक. विचारतील, मीठ आणि व्हिनेगर? हो म्हणा, दोन्हीला, नवीन माणूस व्हिनेगरला नको म्हणतो आणि मग तेलकट लागलं म्हणतो. उघडं की गुंडाळून? चालता चालता खायचं तर उघडं. आणि उत्तरेत काउंटरवर स्क्रॅप्स मागा, तळताना सुटलेल्या पिठाच्या कुरकुरीत कळ्या, आपल्या भज्यांच्या चुऱ्यासारख्या, पुष्कळ ठिकाणी फुकट घालतात.

एक धोका मात्र नीट ऐका. यॉर्कशरमध्ये बऱ्याच चिप्प्यांत तळण बीफ ड्रिपिंगमध्ये असतं, म्हणजे बीफच्या चरबीत. नुसते चिप्स घेतले म्हणून शाकाहारी झाले असं नाही. कशात तळता हे विचारायचंच, तेलात तळणारी दुकानंही भरपूर आहेत.

सोबत मशी पीज घ्या. रंग बघून नाक मुरडू नका, हे म्हणजे वाळलेले मोठे हिरवे वाटाणे रात्रभर सोडा घालून भिजवून शिजवलेले, थोडक्यात मसाला न घातलेला रगडाच. त्यावर व्हिनेगर मारलं की जमतं. आणि करी सॉस नावाचं पिवळट गोडसर जे असतं त्याला करी समजून खाऊ नका, चिप्स बुडवायचा सॉस समजून खा, मग भांडण राहत नाही. हा धंदा १८६० च्या दशकात सुरू झाला, पहिलं दुकान लंडनचं की लँकशरकडचं यावर अजून वाद आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात लोणी, साखर, मटण सगळ्यावर रेशनिंग असताना मासे आणि चिप्सवर मात्र सरकारने कधी रेशनिंग लावलं नाही. त्यावरून यांना ते किती जिवाचं आहे ते कळतं.

यॉर्कशर पुडिंग राहिलं. पुडिंग म्हणतात पण गोड नाही (आणि ब्लॅक पुडिंग तर रक्ताचं असतं, नावावर जाऊच नका). अंडी, दूध, मैदा एकाच कपाने सारखी मापं, अर्धा तास मुरू द्या, २२० डिग्रीला साच्यात तेल कडकडीत तापवून त्यात पीठ ओता आणि वीस-पंचवीस मिनिटं ओव्हनचं दार उघडायचं नाही. उघडलं की पुरी फुगून बसते तशी बसतात. त्याच पिठात सॉसेज घालून भाजलं की टोड इन द होल. बेडूक नसतो.

क्रम्बल आणि कस्टर्ड, इथे घाई करू नका

क्रम्बल म्हणजे फळांच्या फोडींवर लोणी-मैद्याचा चुरा पसरून भाजलेलं गोड. आपल्या हाताला हे सगळ्यात लवकर जमतं कारण यातली मुख्य क्रिया म्हणजे मोहन चोळणं. दोनशे ग्रॅम साधा मैदा, पाकिटावर प्लेन लिहिलेला, सेल्फ-रेझिंग नको. त्यात फ्रिजमधलं गार लोणी शंभर ग्रॅम, छोटे तुकडे करून. शंकरपाळ्यांना चोळतो तसंच बोटांच्या टोकांनी चोळायचं, फक्त तळहात लावायचा नाही, लोणी वितळतं. रवाळ झालं की शंभर ग्रॅम साखर, ब्राउन असेल तर उत्तम, आणि मूठभर ओट्स. शेवटी दोन-चार मुटके वळून परत मोडा, म्हणजे बारीक-मोठे खडे राहतात, सगळं एकसारखं झालं तर वाळू लागते.

सफरचंद ब्रॅम्ली घ्या, हिरवं, ओबडधोबड, नुसतं खाल्लं तर दात आंबतील इतकं आंबट पण शिजलं की लोण्यासारखं होतं. याचं मूळ झाड नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेलचं, १८०९ च्या सुमारास एका मुलीने बी लावून वाढवलेलं, आणि नाव मात्र पडलं पुढे ते घर विकत घेणाऱ्या ब्रॅम्लीचं. बघा म्हणजे. तीन-चार सफरचंदं सोलून फोडी करा, दोन-तीन चमचे साखर, चिमूट दालचिनी, दोन लवंगा चालतील. भांड्यात फोडी, वर हा चुरा सैलसर पसरा, दाबू नका. १८० डिग्रीला पस्तीस-चाळीस मिनिटं, कडेने रस बुडबुडायला लागला आणि वर बदामी झालं की झालं. दहा मिनिटं थांबा, आतलं सफरचंद जिभेवर फोड आणतं.

कस्टर्ड आपल्याला लग्नातल्या थंडगार फ्रूट सॅलडमुळे माहीत असतं. इथे ते कढत, क्रम्बलवर ओतायचं. आणि पावडरचं कस्टर्ड बिनअंड्याचं का असतं माहितेय, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून त्याने १८३७ मध्ये कॉर्नफ्लॉरचं काढलं. त्या बाईंमुळे पुढे आपल्याकडच्या किती बिनअंड्याच्या घरांची सोय झाली! दोन मोठे चमचे पावडर, दीड-दोन चमचे साखर, थोड्या गार दुधात गुठळ्या मोडून घ्या, अर्ध्या लिटरला जरा जास्त निळ्या झाकणाचं दूध उकळून त्यात ओता, परत आंचेवर ठेवून घट्ट होईपर्यंत ढवळा. तोंडावर साय धरते. इथेही साय आवडणारे आणि साय बघून पळणारे असे दोन पक्ष आहेत, आपल्याच घरासारखे.

ओव्हन गरम आहेच तर पुढच्या वेळी राइस पुडिंग लावा, शंभर ग्रॅम पुडिंग राइस, लिटरभर दूध, पन्नास ग्रॅम साखर, वर जायफळ किसून, १५० डिग्रीला दोन तास, मधे एक-दोनदा ढवळायचं. तांदळाची खीरच, फक्त ढवळत उभं राहायचं काम नाही. जायफळ बघून मला अगदी घरी गेल्यासारखं झालं होतं.

सोमवारी उरलेलं मॅश आणि उरलेली कोबी एकत्र कालवून तव्यावर तेल टाकून थालीपिठासारखं थापा, एक बाजू चांगली खरपूस होईपर्यंत हलवू नका, मग उलटा, मोडलं तरी चालतं. याला बबल अँड स्क्वीक म्हणतात, तव्यात होणाऱ्या आवाजावरून. वर अंडं किंवा ब्राउन सॉस. माझ्याकडे हिरवी मिरची आणि कोथिंबीर पडते, एकदा शेजारच्या आजींना तसं करून दिलं तर पहिल्या घासाला डोळ्यात पाणी आलं, दोन ग्लास पाणी प्यायल्या, आणि आता कोबी उरली की कुंपणावरून विचारतात, मिरची आहे का घरात.